बाकावरून दिसणारं मैदान

पॅरिस ऑलिंपिक सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. रात्री अकराच्या सुमारास भाचीचा फोन आला. आवाज एवढा तापलेला, की घरात काही झालं की काय असं वाटून मी उठूनच बसलो.

"मामा, तुझा तो कर वेडा आहे. टेटमला एक मिनिट खेळवलं नाही. एक मिनिट!"

बास्केटबॉलमध्ये अमेरिकेनं नुकतंच सर्बियाला ११०-८४ असं लोळवलं होतं. म्हणजे तक्रार निकालाची नव्हती. जेसन टेटम सहा आठवड्यांपूर्वी बोस्टनच्या संघाकडून एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचं विजेतेपद घेऊन आलेला, भाचीच्या खोलीत दारामागे त्याचं पोस्टर, आणि प्रशिक्षक स्टीव्ह करनं त्याला चाळीस मिनिटं बाकावर बसवून ठेवलं. तिचा संताप रास्त होता. मी मात्र 'तुझा तो कर' यातल्या 'तुझा'वर अडकलो. कारण हा माणूस आमच्या घरात मीच आणलेला. तिला बॉल धरता येत नव्हता तेव्हापासून मी तिला त्याच्या गोष्टी सांगत आलोय. त्याचं नाव ऐकून ती लहानपणी हसायची. 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे सरकारला भरायचा तो, आणि 'कर' म्हणजे आई दिवसभर जे म्हणते ते. अॅरिझोना विद्यापीठाच्या सभागृहात त्यानं लांबून बास्केट टाकली, की निवेदक 'स्टीऽऽव्ह कऽऽर' असं ताणून ओरडायचा आणि पाठोपाठ सगळं सभागृह. ते तर ती जेवताना पानावर बसूनसुद्धा करून दाखवायची.

या माणसाशी माझं नातं बाकाचं आहे. मी सांगलीत कॉलेजच्या टीममध्ये होतो, १९९५ ते ९७. तेव्हा जर्सीचे नंबर चारपासून पंधरापर्यंतच असत. बारा खेळाडू, बारा नंबर. माझा पंधरा. बॉलची जाळी उचलणं, पंपाची पिन सांभाळणं, टाइम-आउटमध्ये बाटल्या आणि नॅपकिन पुढे करणं, ही खाती माझ्याकडे. दोन वर्षांत मिळून मी नऊ मिनिटं खेळलो. हिशेब मी ठेवला होता, दुसरं कोण ठेवणार? त्यातली चार मिनिटं आम्ही चाळीस पॉइंटनी मागे असताना मिळाली. तेवढ्यात एक शूट मारला. तो बोर्डच्या कडेला लागून थेट स्कोअररच्या टेबलावर.

पाच जण खेळतात आणि सात जण बसतात, हे गणित बास्केटबॉल शिकवताना कुणी सांगत नाही. बसण्याचीही एक कला असते आणि मला ती अजिबात जमली नाही. मी बाकावरून कॅंटीनकडे बघायचो.

शिकागो बुल्सच्या १९९७च्या विजेतेपदाची बातमी आमच्याकडे पेपरात दोन-चार ओळींत आली. मायकेल जॉर्डनचं नाव ठळक, आणि शेवटच्या वाक्यात कुणी तरी 'कर' नावाचा राखीव खेळाडू, ज्यानं निर्णायक बास्केट टाकली. तो 'राखीव' शब्द डोळ्यांत भरला. प्रत्यक्ष तो शूट बघायला पुढे इंटरनेटची वाट पाहावी लागली. आजवर किती वेळा पाहिला असेल, सांगत नाही. मात्र त्या शूटची सुरुवात चौदा वर्षं आधीची आहे, आणि ती कळल्यापासून मला तो एकटा कधी दिसतच नाही.

१९८३चा उन्हाळा. कर लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स हायस्कूलमधून बाहेर पडलेला, सडपातळ, सोनेरी केसांचा मुलगा. नेम उत्तम, पाय हळू, उडी जेमतेम. अमेरिकेत चांगल्या खेळाडूच्या मागे कॉलेजं शिष्यवृत्त्या घेऊन फिरतात. याच्या मागे कुणी नव्हतं. गोंझागा या छोट्या विद्यापीठानं येऊन खेळून दाखव म्हटलं. समोर त्यांचाच एक गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा खेळाडू, उभा केला. त्यानं करला पार घुसळून काढला. प्रशिक्षकांचा निष्कर्ष: मुलगा एक पाऊल मागे पडतो. त्या गार्डचं नाव जॉन स्टॉकटन. पुढे एनबीएच्या इतिहासात बास्केट मिळवून देणारे सर्वाधिक पास आणि सर्वाधिक स्टील, म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले बॉल, ज्याच्या नावावर लागले, तोच. निवड चाचणीला आमच्या जिल्ह्यातला मुलगा जावा आणि बोलिंग टाकायला समोर कपिल देव यावा, त्यातलाच प्रकार. फक्त तेव्हा तो कपिल देव आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी अॅरिझोनानं घेतलं, तेही शिष्यवृत्ती उरली होती म्हणून. ल्यूट ऑल्सन तिथे नुकतेच प्रशिक्षक झाले होते. आधीच्या मोसमात संघ २८ पैकी २४ सामने हरला होता. अशा ठिकाणी एक हळू मुलगा खपून जातो.

आता लेबननमधल्या बैरुतबद्दल लिहायलाच हवं. तो जन्मला बैरुतमध्ये, १९६५ साली, अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या रुग्णालयात. आजोबा पहिल्या महायुद्धानंतर तिकडे अनाथ अर्मेनियन मुलांच्या मदतकार्यासाठी गेले आणि पुढे त्याच विद्यापीठात शिकवू लागले. वडील माल्कम कर अरब राजकारणाचे मोठे अभ्यासक. स्टीव्हचं लहानपण लॉस एंजेलिस, कैरो, बैरुत असं विभागलेलं. १९८२मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, माल्कम त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९८३मध्ये स्टीव्ह सुट्टीहून परत निघाला तेव्हा विमानतळावर तोफगोळे पडले. मग तो मोटारीनं सीरियामार्गे जॉर्डन देशात पोचला आणि तिथून अॅरिझोनाला. पाच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८४ला, माल्कम यांना त्यांच्या कार्यालयाबाहेर डोक्यात गोळ्या घातल्या गेल्या. वय ५२. मुलगा अठरा वर्षांचा, हॉस्टेलमध्ये झोपलेला. फोन रात्री आला.

दोन दिवसांनी अॅरिझोना स्टेट या प्रतिस्पर्धी विद्यापीठाशी सामना होता. तो खेळायला उतरला. आधी सगळे स्तब्ध उभे राहिले, तेव्हा तो रडत होता. मग बाकावरून उठून मैदानात गेला आणि पहिलाच शूट आत. एकूण १२ पॉइंट. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती नववीत होती. तिनं विचारलं, "घरी का नाही गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कदाचित त्या आठवड्यात त्याला नेमकं ठाऊक असलेलं घर तेवढंच असेल, चौऱ्याण्णव फूट लांब आणि पन्नास फूट रुंद.

चार वर्षांनी, १९८८ला, त्याच अॅरिझोना स्टेटच्या मैदानावर सराव चालू असताना काही प्रेक्षक 'पीएलओ, पीएलओ' (पॅलेस्टिनी मुक्ती संघटना) ओरडले, 'तुझा बाप कुठाय' ओरडले. करनं हातातला बॉल खाली टाकला आणि बाकावर जाऊन बसला. रडला. मग पहिल्या हाफमध्ये सहा थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शूट, मारले, सहाच्या सहा आत. लोक ही गोष्ट सूडाची म्हणून सांगतात. मला ते दोन-चार क्षण जास्त महत्त्वाचे वाटतात, बॉल टाकून बाकावर बसल्याचे. खेळाडूनं बसायला जागा शोधली आणि ती तिथेच होती.

मधे एक वर्ष गेलं. १९८६च्या जागतिक स्पर्धेत स्पेनमध्ये उपांत्य सामन्यात गुडघा फाटला. पुन्हा खेळशील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नेमक्या त्याच मोसमात अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन पॉइंटची रेषा आली. जन्मभर जो शूट मारायचा सराव केला, त्याला पहिल्यांदा वाढीव भाव मिळाला आणि हा कठड्याबाहेर कुबड्या घेऊन बसलेला. परतल्यावर पुढच्या मोसमात त्यानं शंभरातले ५७ थ्री आत टाकले. संघ ३५ जिंकला, ३ हरला. त्या तिनांतली शेवटची हार राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यातली, ओक्लाहोमाविरुद्ध. त्या दिवशी कर १३ पैकी २. ही सल आपल्या मनातून गेलेली नाही, असं तो नंतरही सांगत आला आहे. एनबीए विजेत्यांना मिळणाऱ्या पाच अंगठ्या बोटांत घालून झाल्यावरही.

अंगठ्यांकडे येतो. १९८८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, तो पन्नासावा. फिनिक्स, क्लीव्हलंड, ऑर्लॅंडो अशी वणवण. १९९३मध्ये किमान पगारावर बुल्समध्ये आला आणि काही दिवसांतच मायकेल जॉर्डननं निवृत्ती जाहीर केली. जॉर्डनच्याही वडिलांचा खून होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. दोन माणसं, दोघांचे बाप गोळीनं गेलेले, पुढे एकाच ड्रेसिंग रूममध्ये काही वर्षं काढली आणि या विषयावर एकमेकांशी कधी बोलली नाहीत. १९९५मध्ये सरावात दोघांची जुंपली. करनं ढकललं, जॉर्डननं डोळ्यावर ठोसा मारला, प्रशिक्षक फिल जॅक्सननी जॉर्डनला सरावातून हाकललं. जॉर्डननं नंतर फोन करून माफी मागितली. त्यानंतर जॉर्डन आपल्यावर विसंबायला लागला, असं कर सांगतो. असल्या गोष्टींचं कौतुक करू नये असं मला वाटतं. एवढं मात्र खरं, की या दोघांत बोलणं थोडं होतं आणि एकमेकांना जोखायच्या जागा वेगळ्या होत्या.

१३ जून १९९७. शिकागो, अंतिम मालिकेचा सहावा सामना, समोर यूटा, बरोबरी ८६-८६, अठ्ठावीस सेकंद उरलेले. चौथ्या सामन्यात करचा एक मोक्याचा थ्री चुकला होता आणि हॉटेलच्या खोलीत तो उशीत डोकं खुपसून बसला होता, हे जॉर्डनला माहीत. टाइम-आउटमध्ये जॉर्डन शेजारी बसलेल्या करला सांगतो, की स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येणार. कर म्हणतो, आला तर मी तयार आहे. बॉल जॉर्डनकडे. सगळ्या जगाला माहीत की शूट तोच मारणार. स्टॉकटन करला सोडतो. गोंझागाचा तोच स्टॉकटन, आता करिअरच्या उतरणीवर पण अजूनही ज्याच्यापासून बॉल लपवावा लागतो असा. पास येतो. सतरा फुटांवरून कर उडतो, त्याला जेवढं उडता येतं तेवढं. ८८-८६. पाच सेकंद.

एक पाऊल मागे पडणाऱ्या मुलाला एक पाऊल मोकळं मिळालं, आणि ते देणारा कोण, तर मूळचा परीक्षक. मी काही नियतीबियती मानणारा नाही. पण हा शूट परत परत बघताना मी बॉलकडे बघत नाही, स्टॉकटनच्या पायांकडे बघतो.

तीन दिवसांनी शिकागोत जल्लोषाच्या सभेत करनं आपली बाजू मांडली. म्हणे, फिलनं आधी मायकेललाच शूट मारायला सांगितलं होतं, पण मायकेल म्हणाला, असल्या प्रसंगी मला जरा अवघडल्यासारखं होतं, दुसरं काही तरी बघा. तेव्हा म्हटलं, चला, पुन्हा मलाच मायकेलला वाचवावं लागणार. जॉर्डन मागे बसून लोटपोट. स्वतःची जागा पक्की ठाऊक असलेला माणूसच असा विनोद करू शकतो.

पंधरा मोसम, ९१० सामने. त्यातल्या सुरुवातीच्या पाचात किती वेळा? तीस. उरलेल्या ८८० वेळा तो बाकावरून उठून गेला. सामन्यामागे सरासरी सहा पॉइंट. आणि तरी थ्रीची अचूकता ४५.४ टक्के, एनबीएच्या सगळ्या इतिहासात सर्वांत वरची. ज्यांनी बाकावर दिवस काढलेत त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा लागतो. दीड तास बसून अंग गार झालेलं असतं, बोटं आखडलेली असतात, बॉल परक्यासारखा हातात येतो, आणि पहिलाच शूट आत जायला हवा, कारण दुसरा मिळेलच असं नाही. २००३मध्ये, ३७व्या वर्षी, सॅन अँटोनियोकडून डॅलसविरुद्ध सहाव्या सामन्यात हेच झालं. मालिकाभर तो जवळपास विसरल्यात जमा. संघाचा नेहमीचा गार्ड टोनी पार्कर अन्नातून बाधा होऊन आजारी. कर आला आणि चार थ्री मारले, चारही आत. संघ अंतिम फेरीत. ते विजेतेपद घेऊन तो निवृत्त झाला.

पुढची काही वर्षं मी भरभर सांगतो, कारण तिथे तोही भरभर शिकत होता. टीव्हीवर समालोचन. मग २००७ ते १० फिनिक्सचा व्यवस्थापक. तिथे शकील ओनीलला आणण्याचा निर्णय घेतला आणि तो फसला. पुन्हा समालोचन. ते करताना आपण प्रशिक्षक झालो तर काय करू, याची टिपणं कॉम्प्युटरमधल्या एका फाइलमध्ये जमत गेली. म्हणजे हा परत बाकावरच. फक्त आता हातात माइक.

२०१४मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनं त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. याआधी तो कुठल्याच व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक नव्हता. संघ तयार होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आधीच्या मोसमात ५१ विजय होते, स्टेफ करी होता. करी संघात असेल तर मीही दोन-चार सामने जिंकले असते. पण हा संघ सामन्यामागे पास देण्यात साऱ्या लीगमध्ये शेवटचा होता, आणि करनं फाइल उघडून आधी तिथे बोट ठेवलं. तीनशे पास हवेत, म्हणाला. ज्याचं सगळं करिअर दुसऱ्यानं दिलेल्या पासवर उभं, तो आणखी काय मागणार?

दुसरं काम अवघड होतं. आंद्रे इगुडाला. ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, तोवरच्या कारकिर्दीत ७५८ सामने, सगळेच्या सगळे सुरुवातीच्या पाचात. त्याला बाकावर बसायला सांगायचं. कुणी तारांकित प्रशिक्षक हे सांगता तर इगुडालानं काय केलं असतं, कोण जाणे. सांगत होता तो ८८० वेळा बसलेला माणूस. इगुडाला खूश नव्हता, पण बसला.

त्याच मोसमाची अंतिम मालिका, २०१५. क्लीव्हलंडविरुद्ध वॉरियर्स १-२ मागे. निक युरेन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, जो व्हिडिओ लावून देणं, करची बारीकसारीक कामं बघणं असलं करायचा, तो आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेच्या चित्रफिती बघत बसला होता. त्याला सुचलं, की संघातल्या उंच अँड्र्यू बोगटला बसवून इगुडालाला सुरुवातीपासून खेळवलं तर? त्यानं पहाटे तीनला करला मेसेज टाकला. करनं ऐकलं. सामन्याआधी पत्रकारांना खोटंही सांगितलं, की बदल काही नाही. वॉरियर्सनी तो आणि पुढचे दोन्ही सामने जिंकले. चाळीस वर्षांनी त्या फ्रॅंचायझीला विजेतेपद, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इगुडाला, जो त्याआधी अख्ख्या मोसमात एकदाही पहिल्या पाचात नव्हता. करनं श्रेय युरेनचं नाव घेऊन दिलं.

मला हा प्रसंग त्या सतरा फुटी शूटपेक्षा मोठा वाटतो. आमच्या कॉलेजमध्ये पंधरा नंबरनं काही सुचवलं असतं तर आधी विचारलं असतं, बाटल्या भरल्यास का?

पुढच्या मोसमाआधी पाठीची शस्त्रक्रिया बिघडली, डोकं सतत दुखायचं, आणि पहिले ४३ सामने त्याला बाहेर बसावं लागलं. सहायक ल्यूक वॉल्टननं ३९ जिंकले. मोसमअखेर ७३-९, म्हणजे करनं स्वतः खेळाडू म्हणून ज्या बुल्ससोबत ७२-१० केलं होतं त्याहून एक पुढे. आणि मग अंतिम मालिकेत ३-१ पुढे असून हार. २०१८च्या फेब्रुवारीत खेळाडू आपलं ऐकेनासे झालेत असं वाटून त्यानं एका सामन्यात टाइम-आउटमध्ये डाव आखायचा बोर्ड त्यांच्याच हाती दिला. इगुडाला, ग्रीन आणि डेव्हिड वेस्ट आळीपाळीनं आखणी करत होते, हा मागे उभा. ४६ पॉइंटनी जिंकले. काही जण म्हणाले, हा प्रतिस्पर्ध्यांचा अपमान आहे. मला ती त्याची सवय वाटली. बघायला मागे उभं राहण्याची.

२०१७, २०१८, २०२२. आणखी तीन विजेतेपदं. २०२२च्या मे महिन्यात टेक्ससमधल्या एका शाळेत गोळीबार झाला त्या संध्याकाळी, त्याच राज्यातल्या डॅलसमध्ये, तो पत्रकारांसमोर बसला आणि आज बास्केटबॉलवर बोलणार नाही म्हणाला. टेबलावर हात आपटत बंदुकीचा कायदा अडवणाऱ्या सिनेटरांवर बोलला आणि उठून गेला. त्या क्षणी मला अठरा वर्षांचा, रात्री फोन उचलणारा मुलगा दिसला, हे सांगायची गरज नाही.

तर टेटम. उपांत्य सामन्यात पुन्हा सर्बिया, अमेरिका एका वेळी १७ पॉइंटनी मागे, करीनं ३६ टाकून सामना खेचला, ९५-९१. टेटम पुन्हा बाकावर, शून्य मिनिटं. सुवर्णपदक आलं तरी भाचीनं करला माफ केलं नाही. मीही त्या रात्री त्याची बाजू घेऊ शकलो नाही. चाळीस मिनिटांच्या सामन्यात दहा-अकरा जणांना न्याय देता येत नाही, हे कारण खरं आहे. पण ज्यानं आयुष्यभर ते सोसलं त्यानंच ते दुसऱ्याला द्यावं, आणि दोनदा द्यावं, हे गिळायला जड गेलं. बाकावर बसून माणूस शहाणा होतो, हे माझं लाडकं प्रमेय. ते बहुधा अर्धंच खरं असावं. मी तरी शहाणा झालो नाही.

त्या डिसेंबरात भाची जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. बारा जणींत शेवटून दुसरी. दोन सामने झाले, दोन्हीत उतरवलं नाही. रात्री फोन. या वेळी आवाज तापलेला नव्हता, विझलेला होता. समजूत घालायचं सोडून मी तोंडात आलं ते विचारलं, "मग पाहिलंस काय?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "पहिल्या सामन्यातल्या संघाची सात नंबर डावरी आहे. उजवीकडून ड्राइव्ह करतच नाही. आपली पोरगी तिला सामनाभर डावीकडे मोकळी सोडत होती."

"उद्या पुन्हा तोच संघ?"

"हो. तिसऱ्या नंबरासाठी."

"सरांना सांगितलंस?"

"मला कोण विचारतंय?"

"नंबर आहे ना त्यांचा?"

"मामा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत."